सल्फेशन केलेल्या अळिंबी-पॉलिसॅकराइडची सक्रियता दर बॅचला का बदलते?

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. अळिंबीतून गरम पाण्याने काढलेल्या पॉलिसॅकराइडवर (साखरेच्या घटकांची लांब साखळी) सल्फेशन केलं, म्हणजे तिच्यावर सल्फेट गट बसवले. पहिल्या बॅचने मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींना मूळ नमुन्यापेक्षा कितीतरी जास्त चेतवलं. आनंदाने दुसरी बॅच केली, तर ती निम्म्यावर. तिसरी अगदीच थंड. आणि चौथी, जिच्याकडून कुणाला काही आशा नव्हती, ती पुन्हा जोरात. कृती तीच, वजनं तीच, हातही तेच. मग कुणी तापमान पाच अंशांनी वाढवतं, कुणी वेळ तासाभराने कमी करतं, कुणी अभिकर्मकाची कंपनी बदलतं. दोन महिन्यांनी कपाटात आठ बाटल्या असतात आणि त्यांतल्या कोणत्याही दोन एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत.

मी या फेऱ्यात बराच काळ काढला आहे, म्हणून आधीच सांगतो: अशा वेळी कृतीला हात लावू नका. बॅचगणिक बदलतात त्या बहुधा तीन गोष्टी: अभिक्रियेत शिरलेलं पाणी, साखळीची लांबी आणि नमुन्यासोबत आलेलं जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (काही जिवाणूंच्या आवरणातला एलपीएस हा पदार्थ). सल्फेटचा गुण किंवा दोष या तिन्ही बाजूला काढल्यावरच दिसतो.

आधी पाणी

एक छोटा हिशोब करू. १ ग्रॅम फ्रीज-ड्राय केलेलं पॉलिसॅकराइड घ्या. कापसासारखं हलकं, हाताला कोरडं ठणठणीत. पण हा पदार्थ हवेतली ओल भराभर ओढतो. डबी चार वेळा उघडली की त्यात १० टक्के पाणी असणं मुळीच अशक्य नाही. म्हणजे ०.९ ग्रॅम ग्लुकॅन (ग्लुकोज घटकांची साखळी) आणि ०.१ ग्रॅम पाणी. साखळीतल्या एका ग्लुकोज घटकाचं वजन १६२, पाण्याचं १८. भागाकार केला की दोन्हीकडे ५.५६ मिलिमोल येतात. म्हणजे फ्लास्कमध्ये साखरेच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचा एक रेणू उभा आहे, आणि तो हायड्रॉक्सिल गटापेक्षा कितीतरी चपळ आहे.

सल्फर ट्रायऑक्साइड-पिरिडीन संयुग (सल्फेट बसवणारा अभिकर्मक) घटकामागे ३ मोल या हिशोबाने घातलं, तर त्यातला तिसरा हिस्सा पाण्यातच गेला. त्यात द्रावकाची भर पडते. २५ मिलिलिटर डीएमएसओमध्ये ०.१ टक्का पाणी असेल तर आणखी दीड मिलिमोल अभिकर्मक वाया. पावसाळी हवेत उघडलेली बाटली आणि कोरड्या हवेत उघडलेली बाटली यांच्या बॅचेस वेगळ्या येतात याचं मला आता नवल वाटत नाही.

नुकसान फक्त अभिकर्मकाचं असतं तर थोडा जास्त घालून भागलं असतं. पण पाण्यात गेलेल्या प्रत्येक मोलामागे सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. पिरिडीन त्याला बऱ्यापैकी धरून ठेवतं, पण ६०–८० अंशांवर, काही तास, पिरिडीन बेताचंच असताना, हे आम्ल साखळीचे ग्लायकोसायडिक बंध कापत राहतं. ओलसर बॅचमध्ये त्यामुळे दोन गोष्टी एकदम घडतात: सल्फेट कमी बसतं आणि साखळी आखूड होते. नंतर सक्रियता कमी दिसली की दोष कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

उपाय साधा आहे, फक्त चुकारपणा चालत नाही. पॉलिसॅकराइड ५०–६० अंशांवर निर्वातात, फॉस्फरस पेंटॉक्साइडवर रात्रभर ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. डीएमएसओ ताज्या तापवलेल्या मॉलिक्युलर सीव्हवर ठेवा. शक्य असेल तर कार्ल फिशर पद्धतीने दोन्हींतलं पाणी मोजा आणि तो आकडा वहीत बॅच क्रमांकाशेजारी लिहा. अभिकर्मकाची बाटली जुनी, गुठळ्या झालेली असेल तर ती बाजूला ठेवा. ओल लागलेल्या अभिकर्मकाचं वजन पूर्ण भरतं, पण काम अर्धंच होतं.

विरघळण्याकडेही नीट पाहा. फॉर्मामाइड किंवा डीएमएफमध्ये पॉलिसॅकराइड बरेचदा नुसतं फुगतं. लगदा ढवळला जातो, गुठळीच्या बाहेरच्या थरावर भरपूर सल्फेट बसतं आणि आतला गाभा कोराच राहतो. सरासरी आकडा छान येतो, प्रत्यक्षात मात्र ते दोन पदार्थांचं मिश्रण असतं. द्रावण काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत अभिकर्मक घालू नये असं माझं ठाम मत आहे, मग त्यासाठी एक रात्र जास्त गेली तरी चालेल.

क्लोरोसल्फोनिक आम्ल आणि पिरिडीनची जुनी पद्धत वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. आम्ल थेंबाथेंबाने, बर्फात बसवलेल्या पिरिडीनमध्ये घालायचं, उलट कधीच नाही. पाण्याशी त्याची गाठ पडली तर हायड्रोजन क्लोराइडच्या धुरासह ते उसळतं. फ्यूम हूड, हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, आणि शेजारी दुसरं माणूस. मी ही पद्धत सोडली. ती वाईट आहे म्हणून नव्हे, तर थेंबांचा वेग माणसागणिक बदलतो आणि बॅचही त्यासोबत बदलते म्हणून.

रिकामी बॅच केली आहे का?

मला कुणी असा प्रश्न विचारला की माझा पहिला उलटप्रश्न हाच असतो. रिकामी बॅच म्हणजे अभिकर्मक सोडून बाकी सगळं तेच: तोच डीएमएसओ, तेच तापमान, तेवढेच तास, तेवढंच पिरिडीन, तसंच उदासिनीकरण, तेवढंच डायलिसिस (पडद्याच्या पिशवीतून लहान रेणू बाहेरच्या पाण्यात जाऊ देणं). सल्फेट केलेल्या नमुन्याची तुलना या बॅचशी करायची, बाटलीतल्या मूळ पॉलिसॅकराइडशी नाही.

कारण शिटाके अळिंबीतल्या लेंटिनानकडे पाहिलं की कळतं. गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये त्याचा अर्बुदविरोधी गुण मांडला आणि १९८५ मध्ये जपानमध्ये ते जठराच्या कर्करोगात जोड-औषध म्हणून मान्य झालं. त्याची मुख्य साखळी बीटा-(१→३) जोडणीची, आणि दर पाच ग्लुकोज घटकांमागे बीटा-(१→६) जोडणीच्या दोन फांद्या. पाण्यात अशा तीन साखळ्या एकमेकींभोवती वेणीसारख्या गुंफलेल्या असतात. डीएमएसओमध्ये ही तिपेडी वेणी सुटते. मग सल्फेशन होवो न होवो, फ्लास्कमधून बाहेर येणारा पदार्थ आत गेलेल्या पदार्थासारखा राहत नाही. सक्रियतेतला फरक वेणी सुटल्यामुळे पडला की सल्फेटमुळे, हे फक्त रिकामी बॅचच सांगू शकते.

वेणी तपासायला बहुतेक जण काँगो रेड वापरतात. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रंगाचा शोषणबिंदू लांब तरंगलांबीकडे सरकला तर वेणी आहे, आणि अल्कली वाढवल्यावर तो मागे आला तर ती सुटली. मूळ नमुन्यासाठी ही चाचणी ठीक आहे. पण काँगो रेड स्वतः ऋणभारित आहे, आणि सल्फेट केलेली साखळीही ऋणभारित. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळे सल्फेट नमुन्यात सरकणं दिसलं नाही एवढ्यावरून वेणी नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

रेणुभाराचा फसवा दिलासा

डीएस म्हणजे ग्लुकोजच्या एका घटकामागे सरासरी किती सल्फेट गट बसले तो आकडा. सोडियम क्षार धरला तर प्रत्येक गट घटकाचं वजन १०२ ने वाढवतो. डीएस १ असेल तर १६२ चा घटक २६४ चा होतो. आता समजा सल्फेशनआधी आणि नंतर रेणुभार सारखाच आला. लोक लिहितात, साखळी टिकली. प्रत्यक्षात १६२ भागिले २६४ म्हणजे ०.६१. साखळीची लांबी ६१ टक्क्यांवर आली आहे.

हाच गुणक दोन आणखी जागी विसरला जातो. १ ग्रॅम मालातून डीएस १ चा १.१ ग्रॅम माल मिळाला तर उतारा ११० टक्के दिसतो, खरा मात्र साधारण ६८ टक्के असतो. बाकीचा माल बहुधा आखूड तुकडे होऊन डायलिसिसच्या पिशवीतून निघून गेलेला असतो. आणि पेशींना दोन्ही नमुने १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर दिले, तर सल्फेट नमुन्यात ग्लुकॅन फक्त ६१ मायक्रोग्रॅम असतं. तुलना वजनावर करायची की साखरेच्या घटकांवर, हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा.

जीपीसी (रेणूंना आकारानुसार वेगळं करून रेणुभार काढायची पद्धत) नुसत्या पाण्यात चालवू नका. भारित साखळी पाण्यात पसरते, स्तंभातल्या मण्यांपासून दूर राहते आणि लवकर बाहेर पडते, त्यामुळे रेणुभार आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. ०.१ मोलर सोडियम नायट्रेट घातलं की हा आभास बराचसा जातो.

डीएसचा आकडा खरा आहे का?

बेरियम क्लोराइड-जिलेटिनची पद्धत चांगली आहे, पण ती सगळंच सल्फेट मोजते, साखळीला चिकटलेलं आणि नुसतं सोबत आलेलंही. उदासिनीकरणात तयार झालेलं सोडियम सल्फेट इथेनॉलमध्ये विरघळत नाही. पॉलिसॅकराइड इथेनॉलने खाली आणलं की तेही सोबत खाली येतं आणि डीएस फुगवतं. म्हणून प्रत्येक नमुन्याचं मोजमाप दोनदा करा: एकदा आम्लात उकळून, एकदा न उकळता. न उकळता आलेला आकडा मोकळ्या सल्फेटचा, तो वजा करायचा. डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकून ते गढूळ होतं का हे रोज पाहणं ही सर्वांत स्वस्त खात्री.

सूत्रातही घोळ होतो. सोडियम क्षारासाठी गंधकाची टक्केवारी १.६२ ने गुणायची आणि ३२ वजा १.०२ गुणिले तीच टक्केवारी, याने भागायची. आम्लरूप नमुन्यासाठी १.०२ च्या जागी ०.८० येतं. १२ टक्के गंधकाला पहिलं सूत्र ०.९८ देतं, दुसरं ०.८७. बॅच एकच, सूत्र चुकलं, आणि दोन बॅचेसमध्ये फरक असल्याचा भास झाला.

इन्फ्रारेडमध्ये १२५० सेमी⁻¹ च्या आसपासची पट्टी आणि ८१०–८५० मधली पट्टी ही सल्फेट एस्टरची खूण. पण अळिंबीच्या अर्कात ग्लायकोजन असेल तर अल्फा जोडणीही ८५० जवळच पट्टी देते, त्यामुळे फक्त तिच्यावर भरवसा ठेवू नये. कार्बन एनएमआर मिळाला तर प्रश्न मिटतो. मोकळा सी-६ साधारण ६१ पीपीएमवर असतो, सल्फेट बसलेला ६७ जवळ सरकतो. त्याच वेळी हायड्रोजन एनएमआरमध्ये ७.५ ते ८.९ पीपीएम दरम्यान काही दिसतं का तेही पाहा. ते उरलेलं पिरिडीन असतं, आणि पेशींना ते मुळीच चालत नाही.

कच्चा माल

थोडक्यात सांगतो, कारण उपाय सरळ आहे. अळिंबी आपला साठा ग्लायकोजनच्या रूपात ठेवते आणि गरम पाणी तोही ओढून आणतं. तोडणीचं वय, साठवण आणि वाळवण बदलली की ग्लायकोजनचं प्रमाण बदलतं, आणि प्रत्येक बॅचमध्ये अभिकर्मकाचा वेगळाच वाटा त्याच्याकडे जातो. शिटाके असो की धिंगरी, एकाच खेपेतून सगळा अर्क काढा. अमायलेज आणि अमायलोग्लुकोसिडेजने ग्लायकोजन पचवा, प्रथिनं काढा, माल नीट एकजीव करा आणि मग त्याचे भाग पाडून बंद करून ठेवा. प्रत्येक सल्फेशनसाठी नवा अर्क काढणं ही चूक फार सर्रास दिसते. अर्क तपकिरी असेल तर त्यातल्या फिनॉलिक पदार्थांकडेही लक्ष द्या. डीपीपीएच चाचणीत दिसणारा ऑक्सिडीकरणविरोधी गुण बरेचदा त्यांचा असतो, आणि सल्फेशननंतर धुताना ते निघून गेले की गुण कमी झाल्यासारखा वाटतो.

एंडोटॉक्सिन: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

मॅक्रोफेज पेशी एलपीएसच्या मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅमलाही जोरात प्रतिसाद देतात. पॉलिसॅकराइड मात्र आपण शेकडो मायक्रोग्रॅमने देतो. नमुन्याच्या वजनात ०.०१ टक्का एलपीएस असेल, तर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या मात्रेसोबत १० नॅनोग्रॅम एलपीएस जातं. चेतलेल्या पेशी सोडतात त्या नायट्रिक ऑक्साइड आणि टीएनएफचा सुंदर आलेख काढायला एवढं पुरेसं आहे. पॉलिसॅकराइडने काहीच न करता.

आणि बॅचगणिक हेच सर्वांत जास्त हलतं. तीन दिवसांचं डायलिसिस खोलीच्या तापमानाला, साध्या डिस्टिल्ड पाण्यात केलं की पिशवी म्हणजे जिवाणूंची वसाहतच. उन्हाळ्यात जास्त, शीतखोलीत कमी. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एलपीएस तसंच राहतं. काचेवरचं एलपीएस घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी की रासायनिक बदलच एंडोटॉक्सिनचं प्रमाण बदलतो. कार्बोक्सिमिथिलेशनमध्ये (साखळीवर कार्बोक्सिमिथिल गट बसवताना) तीव्र अल्कली एलपीएसच्या लिपिड-ए या भागातली एस्टर जोडणीची मेदाम्लं तोडते आणि एलपीएस बरंच निष्प्रभ होतं. मग मूळ नमुना सक्रिय आणि बदललेला मंद असं चित्र उभं राहतं, आणि कार्बोक्सिमिथिल गटामुळे सक्रियता घटली असं लिहिलं जातं. उलटंही घडतं: मूळ नमुन्याचं डायलिसिस एकदाच झालेलं असतं, सल्फेट नमुन्याचं दोनदा, आणि दुसऱ्याची सक्रियता वाढलेली दिसते.

मोजतानाही सापळे आहेत. एंडोटॉक्सिन मोजायची नेहमीची एलएएल चाचणी (ती हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींच्या अर्कावर चालते) बीटा-(१→३)-ग्लुकॅनलाही प्रतिसाद देते, कारण त्या अर्कातला फॅक्टर जी ग्लुकॅननेच चालू होतो. अळिंबीच्या नमुन्यात तिचा आकडा एंडोटॉक्सिनचा मानता येत नाही. फक्त एंडोटॉक्सिनला प्रतिसाद देणारी रिकॉम्बिनंट फॅक्टर सी चाचणी वापरा. सल्फेट साखळी चाचणीच दाबू शकते, म्हणून ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ते ५० ते २०० टक्क्यांच्या मर्यादेत परत मोजलं जातं का ते पाहा.

एलपीएसला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन बी घालून सक्रियता गेली, म्हणजे एलपीएसच होतं, हा नेहमीचा युक्तिवाद सल्फेट नमुन्यांत चालत नाही. पॉलिमिक्सिन बी धनभारित आहे, ते सल्फेट साखळीलाही चिकटतं. टीएलआर४ (एलपीएस ओळखणारा ग्राहक) नसलेल्या पेशी किंवा टॅक-२४२ सारखा टीएलआर४ रोधक हा जास्त सरळ मार्ग. मूळ, न बदललेल्या ग्लुकॅनसाठी बीटा-(१→३)-ग्लुकनेजने साखळी पचवून पाहा. साखळी गेली तरी सक्रियता राहिली, तर ती साखळीची नव्हतीच. सल्फेट नमुन्यावर मात्र हे विकर नीट चालेलच असं नाही, तिथे या चाचणीवर विसंबू नका.

योग्य प्रश्न विचारला जातो आहे का?

मॅक्रोफेजवरचा डेक्टिन-१ हा बीटा-(१→३)-ग्लुकॅनचा ग्राहक २००१ मध्ये ओळखला गेला. तो उघडी साखळी ओळखतो. तिच्यावर ऋणभारित गटांची दाटी केली तर ती ओळख दुबळी होणं स्वाभाविक आहे. दुसरीकडे त्याच दाटीमुळे साखळी हेपरिनसारखी वागू लागते: रक्त गोठणं लांबवते, काही विषाणूंना पेशीला चिकटू देत नाही. सल्फेट केलेल्या लेंटिनानचा एचआयव्हीविरोधी गुण १९८० च्या दशकातच जपानमध्ये नोंदला गेला, तो याच वळणाचा. म्हणून सल्फेशनने सक्रियता वाढते का, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणती सक्रियता, ते आधी ठरवावं लागतं.

माझा आग्रह असा की प्रत्येक बॅचवर एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) करून घ्या, तुमचा विषय प्रतिकारशक्तीचा असला तरी. या चाचणीला एंडोटॉक्सिन फारसं फसवत नाही, मूळ ग्लुकॅन तिथे जवळजवळ निष्क्रिय असतं, आणि डीएस व साखळीची लांबी दोन्हींचा परिणाम तिच्यात उतरतो. एपीटीटी बॅचगणिक स्थिर आणि मॅक्रोफेजचे आकडे मात्र हेलकावे खात असतील, तर दोष सल्फेशनचा नाही. एंडोटॉक्सिनकडे परत जा. एपीटीटीच हलत असेल तर पाणी आणि तापमान तपासा.

पेशींच्या चाचणीत डेक्स्ट्रान सल्फेट सोबत ठेवा. तोही तुमच्या नमुन्याइतकाच परिणाम देत असेल, तर दिसतो आहे तो कुठल्याही ऋणभारित साखळीचा गुण, अळिंबीचा नव्हे. आणि सायटोकाइन (पेशींची संदेशवाहक प्रथिनं) क्यूपीसीआरने, म्हणजे त्यांचं जनुक किती चालू आहे हे पाहून, मोजत असाल तर पेशी नीट धुवा. हेपरिनसारखी संयुगं पीसीआरला अडवतात आणि नमुन्याने जनुक दाबल्याचा भास होतो.

साखळीला सेलेनियम जोडणाऱ्यांसाठी एवढंच: त्यात वापरलेलं नायट्रिक आम्ल साखळी तोडतं आणि उरलेलं मोकळं सेलेनाइट पेशींना विषारी असतं. डायलिसिस पूर्ण झाल्याची खात्री केल्याशिवाय कर्करोगाच्या पेशी मेल्याचा आनंद मानू नका.

आधीच पडून असलेल्या बाटल्या

त्या सगळ्या फेकण्याची गरज नाही. प्रत्येकीतला चिमूटभर माल पाण्यात विरघळवून पीएच पाहा. ७ च्या आसपास असेल तर तो सोडियम क्षार आहे आणि बहुधा शाबूत आहे. तो एंडोटॉक्सिनमुक्त पाण्यात, ४ अंशांवर, पुन्हा डायलिसिसला लावा, न उकळता सल्फेट मोजा, जीपीसी मिठाच्या द्रावणात करा आणि मगच पेशींकडे न्या. पीएच ४ च्या खाली असेल तर उदासिनीकरण अर्धवट राहिलं होतं. आम्लरूप सल्फेट साठवणीत स्वतःच सुटत जातं, सुटताना आणखी आम्ल देतं, आणि ते आम्ल साखळीही तोडतं. त्या बाटलीतला पदार्थ पहिल्या आठवड्यात एक होता आणि आज दुसराच आहे. ती टाकून द्या, आणि तिच्यावर घेतलेले जुने आकडेही तुलनेतून काढून टाका.